डिझायनर की कोड? साधन निवडण्याआधी त्याची फाईल उघडून बघा

नाशिकच्या कॉलेज रोडच्या क्लासमध्ये शिकणारी डिप्लोमाची मुलं असोत, नाहीतर अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून देणारे असोत, नवीन काम हातात आलं की प्रश्न तोच येतो. स्क्रीन माऊसनं ओढून मांडता येते असं साधन घ्यायचं, की सगळं कोडमध्ये लिहायचं? याचं उत्तर बहुतेक वेळा मित्र काय वापरतो किंवा सरांनी काय शिकवलं यावरून ठरतं. साधन मात्र पुढं कितीतरी वर्षं मानेवर बसतं. म्हणून निवड करायला दोन-तीन संध्याकाळी जाऊ द्या. त्या कशा वापरायच्या, ते इथं पायरीपायरीनं सांगतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. लासलगाव किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव झाल्यावर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात जातो. भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि हातात हिशोबपट्टी पडते. ही पट्टी करणारा प्रोग्राम आपल्याला बांधायचा आहे. दिसायला एकच स्क्रीन, पण आत काटा, छपाई, कपातीचे नियम आणि मराठी मजकूर असं सगळं आहे. निवड पारखायला एवढं पुरतं.

बाजारात काय काय आहे

पहिला प्रकार डिझायनरकेंद्री. इथं डिझायनर म्हणजे माणूस नव्हे, तर स्क्रीन मांडायची खिडकी. टूलबॉक्समधून बटण ओढायचं, फॉर्मवर सोडायचं, प्रॉपर्टीजमध्ये नाव-रंग बदलायचे, डबल क्लिक केलं की कोड लिहायची जागा उघडते. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकनं ही पद्धत सगळीकडं पोचवली. १९९५ साली बोरलँडची डेल्फी आली. व्हीबी ६ हे १९९८ चं. त्याच्या संपादकाला मायक्रोसॉफ्टनं दिलेला आधार २००८ साली संपला, तरी त्यात बांधलेली बिलिंगची कामं जुन्या पेढ्यांवर अजून चालू दिसतात. हे मी कौतुकानं सांगतोय. आज याच वळणाची साधनं म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओमधलं विंडोज फॉर्म्स, डेल्फीच्या धर्तीचं मोफत लाझारस, जावासाठी नेटबीन्स आणि क्यूट डिझायनर. मोबाईलसाठी एमआयटी ॲप इन्व्हेंटर आणि फ्लटरफ्लो आहेत, ऑफिसच्या कामाला ॲक्सेस आणि पॉवर ॲप्स.

दुसरा प्रकार कोडकेंद्री: व्हीएस कोड, इंटेलिजे, विम. इथं समोर मजकूर असतो. स्क्रीन कशी दिसते ते प्रोग्राम चालवल्यावर किंवा ब्राउझर उघडल्यावर कळतं.

एक गल्लत फार होते, ती आधीच दूर करू. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड ही दोन वेगळी साधनं आहेत. पहिलं १९९७ पासूनचं, वजनदार, फक्त विंडोजवर चालणारं आणि फॉर्म डिझायनर असलेलं. दुसरं २०१५ साली आलेलं, हलकं, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालणारा संपादक. त्यात सी शार्प लिहिता येतं, पण विंडोज फॉर्म्सचा डिझायनर मिळत नाही. क्लासमध्ये फॉर्म शिकून घरी व्हीएस कोड उतरवणारी मुलं टूलबॉक्स शोधत बसतात ती यामुळं.

अँड्रॉइड स्टुडिओ मधल्या जागेवर आहे. जुन्या एक्सएमएल मांडणीत तो एकाच फाईलचे तीन अवतार दाखवतो: फक्त कोड, फक्त चित्र, किंवा दोन्ही शेजारी शेजारी. २०२१ मध्ये जेटपॅक कंपोजची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि नव्या ॲपसाठी गूगल आता तेच सुचवतं. त्यात स्क्रीन कोडमध्येच लिहायची, शेजारी तिची झलक दिसते. ॲपलनंही २०१९ साली स्विफ्टयूआय आणून तोच रस्ता धरला. मोबाईलच्या जगात वारं कोडकडं वळलंय, हे ध्यानात ठेवा.

पायरी १: संगणक बंद, कागद समोर

कागदाला मधोमध उभी घडी घाला. डावीकडं स्क्रीनवर काय दिसणार ते लिहा: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, क्विंटलचा भाव, रक्कम, छापा. उजवीकडं नियम लिहा. निव्वळ वजन कसं काढायचं? क्विंटलमध्ये किती दशांशापर्यंत? हमाली, तोलाई, वाराई (माल हाताळण्याची आणि तोलण्याची मजुरी) कोणाकडून, कशावर? काही माल खराब निघाला म्हणून भाव फिरवून ठरला तर आधीचा भावही पट्टीवर दिसायला हवा का? आधी उचल दिली असेल तर ती कुठं वजा होणार?

आता प्रत्येक ओळीपुढं खूण करा: येत्या दोन वर्षांत हे बदलेल का? ही खूण स्वतः करू नका. खळ्यावर जाऊन मुनीमजींना विचारून करा. डाव्या बाजूचं जवळपास काहीच बदलत नाही, उजवीकडचं बदलत राहतं, असं बहुधा दिसेल. कपातीवरून व्यापारी, हमाल-मापारी आणि शेतकरी यांच्यात दरवेळी चर्चा झडतात आणि त्याप्रमाणं हिशोब बदलतो.

स्क्रीन स्थिर, वापरणारे दोन-तीन आणि नियम थोडे असतील, तर डिझायनर तुम्हाला दोन दिवसांत कामाला लावेल. बदल नियमांमध्ये होणार असतील, तर ते नियम कुठं लिहिले जातील हा पहिला प्रश्न झाला, आणि तिथं कोडकडं झुकतं माप द्या. स्क्रीनच रोज बदलणार असेल, जसं एखादं दुकान दर आठवड्याला ॲपचा चेहरामोहरा बदलतं, तर दोन्ही करून बघितल्याशिवाय ठरवू नका.

पायरी २: दोन यंत्रं बघा, तुमचं आणि त्यांचं

तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ कसाबसा चालेल. सोबत एम्युलेटर (संगणकावरच चालणारा नकली फोन) हवा असेल तर गूगल १६ जीबी सांगतं. कमी रॅमवाल्यांनी एम्युलेटरचा नाद सोडून स्वतःचा फोन केबलनं जोडावा. व्हीएस कोड १ जीबी रॅमच्या यंत्रावरही चालेल असं त्याचे निर्माते सांगतात. जुना लॅपटॉप वापरणाऱ्या मुलांसाठी ही साधी गोष्ट नाही. व्हिज्युअल स्टुडिओ उतरवायला कित्येक जीबी डेटा आणि तेवढीच डिस्कवर जागा लागते. इन्स्टॉलरमध्ये फक्त ‘डॉट नेट डेस्कटॉप’चा संच निवडा, बाकी खुणा काढा.

त्यांचं यंत्र जास्त महत्त्वाचं. खळ्यावरचा संगणक बहुधा जुना असतो, विंडोजवर चालतो, धुळीत असतो, आणि वीज गेली की बंद पडतो. इंटरनेट असतंच असं नाही. म्हणून ऑनलाइन बसल्याशिवाय न उघडणारं साधन इथं बाद. पॉवर ॲप्ससारखी साधनं ऑफिसच्या परवानगी-अर्जांसाठी छान आहेत, खळ्यासाठी नाहीत.

पायरी ३: आधी डिझायनरमध्ये बांधा

विंडोज फॉर्म्सचा नवा प्रकल्प उघडा. लेबलं आणि टेक्स्टबॉक्स लगेच ओढू नका. आधी फॉर्मवर टेबललेआउटपॅनल टाका, त्याचे दोन रकाने करा, मग एकेका घरात लेबल आणि टेक्स्टबॉक्स ठेवा. नवखा माणूस प्रत्येक वस्तू हवी तिथं मोकळी सोडतो. त्याच्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसतं, आणि खळ्यावरच्या संगणकावर विंडोजची स्केल १२५ टक्के असली की बटणं एकमेकांवर चढतात.

मराठी मजकूर इथंच कस लावतो. इंग्रजी अक्षरांच्या मानानं आपल्या ओळीला वर-खाली जास्त जागा लागते. ‘निव्वळ’, ‘रुपये’, ‘गाडीचं’ लिहून बघा. लेबलाची उंची ठोकून ठेवली असेल तर वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. लेबलाचं ऑटोसाइज चालू ठेवा, ओळीची उंचीही आपोआप घेऊ द्या. फॉन्ट निर्मला यूआय ठेवा, तो विंडोज ८ पासून विंडोजमध्येच असतो; त्याआधीच्या विंडोजवर मंगल ठेवा. पेढीवरच्या जुन्या नोंदी बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नाव शोधताना काहीच सापडणार नाही.

प्रत्येक वस्तूला टाकल्या टाकल्या नाव द्या: टेक्स्टबॉक्स७ नको, ‘भरलेलंवजन’ हवं (नाव इंग्रजी अक्षरांत द्या, पण अर्थाचं द्या). मग टॅबचा क्रम लावा. हे काम बहुतेक जण विसरतात. लिलावाच्या गर्दीत मुनीमजी माऊसला हात लावत नाहीत. नाव, एंटर, गाव, एंटर, गाडी नंबर, एंटर असा त्यांचा हात चालतो. टॅबचा क्रम डिझायनर लावून देतो, पण एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाणं तुम्हाला कोडमध्येच लिहावं लागतं. छपाईचंही तसंच. टूलबॉक्समधून प्रिंटडॉक्युमेंट फॉर्मवर ओढता येतं, पण पट्टीवर कुठली ओळ कुठं येणार ते कोडमध्ये सांगावं लागतं, नाहीतर वेगळा रिपोर्ट डिझायनर घ्यावा लागतो.

डिझायनरनं तुमचं नेमकं किती काम वाचवलं, ते इथं कागदावर लिहून ठेवा. रकाने मांडायला किती वेळ गेला आणि बाकीच्याला किती, असे दोन आकडे. पुढच्या पायरीत ते लागतील.

पायरी ४: तेच कोडमध्ये लिहा

व्हीएस कोडमध्ये पायथॉन आणि फ्लास्क (पायथॉनमध्ये वेब पानं बांधायची चौकट) घ्या. स्क्रीन एचटीएमएलमध्ये लिहा, ब्राउझरमध्ये बघा. इंटरनेट लागत नाही. सर्व्हर त्याच संगणकावर चालतो. सुरुवातीला हात अडखळतो, कारण दोन रकाने शेजारी आणायलाही सीएसएसच्या (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या) चार ओळी लागतात. पण मराठी मजकुराची उंची ब्राउझर स्वतः सांभाळतो, ओळ लांबली तर खाली मोडतो, आणि स्केल १२५ असो की १५० मांडणी हलत नाही. छपाईसाठी सीएसएसमध्येच वेगळे नियम लिहिता येतात: स्क्रीनवरची बटणं लपवा, कागदाची रुंदी ८० मिलिमीटर धरा.

हिशोबाचा भाग वेगळ्या फाईलमध्ये लिहा. भरलेली गाडी ४,८६० किलो, रिकामी २,११० किलो, निव्वळ २,७५० किलो, म्हणजे २७.५० क्विंटल. भाव १,६४० रुपये, रक्कम ४५,१०० रुपये. हे आकडे चाचणी म्हणून लिहून ठेवा: हे दोन वजनं आणि हा भाव दिला तर उत्तर ४५,१०० च आलं पाहिजे. दुसरी चाचणी रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त टाकल्यास प्रोग्रामनं नकार द्यावा अशी. तिसरी भाव फिरल्याची. नियम बदलला की एक आज्ञा द्यायची आणि सगळ्या चाचण्या काही क्षणांत तपासून होतात. फॉर्मवर प्रत्येक वेळी आकडे टाइप करत बसावं लागत नाही. पैशांसाठी पायथॉनमध्ये आणि सी शार्पमध्येही ‘डेसिमल’ प्रकार वापरा. साध्या फ्लोटमध्ये दशांश तंतोतंत साठत नाहीत, आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर पैशाचा फरकही दिसता कामा नये.

चाचण्या लिहिण्याची ही सोय कोडकेंद्री साधनाचीच मक्तेदारी आहे असं नाही. विंडोज फॉर्म्समध्येही हिशोब वेगळ्या क्लासमध्ये ठेवला तर ती मिळते. अडचण एवढीच की बटणावर डबल क्लिक केलं की डिझायनर तुम्हाला थेट बटणाच्या पोटात नेऊन सोडतो, आणि माणूस तिथंच हिशोब लिहायला लागतो. सहा महिन्यांनी तोच हिशोब तीन बटणांत थोडाथोडा वेगळा सापडतो.

पायरी ५: फाईल उघडा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. डिझायनरमध्ये दिसणारं चित्र कुठंतरी फाईल म्हणूनच साठतं. ती फाईल कोणत्याही साध्या संपादकात उघडा आणि वाचता येते का बघा.

विंडोज फॉर्म्समध्ये ती फॉर्म१.डिझायनर.सीएस. आत ‘इनिशियलाइझ कंपोनंट’ नावाचा भाग दिसेल, आणि त्यावर हातानं बदल करू नका अशी सूचना. आत शुद्ध सी शार्प असतं: या बटणाची जागा ही, आकार हा, क्लिक झाल्यावर अमुक फंक्शन बोलवा. लांबलचक असलं तरी वाचता येतं. नवख्यांना हमखास भेटणारी एक चूक इथंच समजते. बटणाचं क्लिकचं फंक्शन कोडमधून पुसलं की प्रोग्राम बांधला जात नाही, कारण डिझायनरच्या फाईलमधली जोडणीची ओळ तशीच राहिलेली असते. त्रुटीवर डबल क्लिक करा, ती एक ओळ काढा, फॉर्म पुन्हा उघडतो. फाईल वाचायची सवय नसलेला माणूस इथं अख्खा फॉर्म टाकून नवा बांधायला घेतो.

नेटबीन्स दोन फाईली ठेवतं: एक जावाची आणि सोबत डॉट फॉर्म. जावाच्या फाईलमधला मांडणीचा भाग करड्या रंगात कुलूपबंद दिसतो, तिथं टाइप होत नाही. प्रकल्प दुसऱ्याला देताना डॉट फॉर्म विसरली तर प्रोग्राम चालेल, पण डिझायनरमध्ये स्क्रीन उघडणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर फक्त जावाच्या फाईली नेणाऱ्यांनी हे आठवावं. लाझारसची डॉट एलएफएम सुटसुटीत मजकूर असते, वाचायला सोपी. क्यूट डिझायनरची डॉट यूआय म्हणजे एक्सएमएल.

आता गिट (फाईलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) लावा. प्रकल्पाची पहिली नोंद करा. मग डिझायनरमध्ये एक बटण थोडं उजवीकडं सरकवा, साठवा, आणि गिटला फरक विचारा. एक-दोन ओळी बदलल्या असतील तर साधन शहाणं. एका बटणासाठी शंभर ओळी हलल्या, क्रम बदलला, तर दोघांनी मिळून काम करताना तुमचे हाल होणार. एकानं नाव-गावाचा भाग बदलला, दुसऱ्यानं कपातीचा, आणि दोघांचे बदल एकाच डिझायनर फाईलमध्ये भिडले की ते हातानं सोडवणं फार किचकट. आयफोनची ॲप्स करणाऱ्या चमूंनी एक्सकोडच्या स्टोरीबोर्डबाबत हाच त्रास काढलाय. तरीही डिझायनरच हवा असेल तर एक स्क्रीन एका माणसाकडं असा नियम करा, आणि मोठ्या स्क्रीनचे छोटे यूजर कंट्रोल, म्हणजे वेगळ्या फाईलीत राहणारे तुकडे पाडा.

फाईल मजकूर आहे की नाही याला आता आणखी एक कारण आलंय. कोड लिहायला मदत करणारे एआय सहायक मजकूर वाचतात आणि मजकूरच लिहितात. एचटीएमएल, कंपोज, फ्लटर यांत त्यांचा उपयोग चांगला होतो. डिझायनरच्या फाईलमध्ये त्यांनी हात घातला तर लगेच फॉर्म उघडून बघा, कारण कोड बरोबर दिसतो पण डिझायनर तो समजून घेत नाही असं होऊ शकतं.

आणि फाईल दिसतच नसेल तर? काही ऑनलाइन साधनांत तुमचं काम त्यांच्या खात्यात राहतं. ॲप इन्व्हेंटरमधून प्रकल्पाची डॉट एआयए फाईल उतरवता येते, पण ती अँड्रॉइड स्टुडिओमध्ये नेऊन पुढं वाढवता येत नाही. फ्लटरफ्लो फ्लटरचा कोड तयार करतो, मात्र तो उतरवून घ्यायला पैशांची योजना लागते. साधन वाईट ठरवायला हे कारण नव्हे. बाहेर पडायची वाट पहिल्या दिवशी माहीत असावी, इतकंच.

पायरी ६: काटा जोडा

वजनकाट्याच्या इंडिकेटरला मागं बहुधा आरएस-२३२ पोर्ट असतो. यूएसबी कन्व्हर्टरनं तो संगणकाला जोडतात. विंडोज फॉर्म्समध्ये सीरियलपोर्ट नावाची वस्तू फॉर्मवर टाकता येते, बॉड रेट (मजकूर येण्याचा वेग) प्रॉपर्टीजमध्ये भरता येतो, आणि पहिल्या वेळी वाटतं की झालं काम. चालवलं की त्रुटी येते. काट्याकडून आलेला मजकूर वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) येतो आणि स्क्रीनवरच्या वस्तूंना त्या थ्रेडवरून हात लावता येत नाही. बिगिनइन्व्होक वापरून तो मुख्य थ्रेडकडं सोपवावा लागतो. शिवाय ‘४८६०’ एकदम येईलच असं नाही. आधी ‘४८’ आणि मग ‘६०’ असं तुकड्यातुकड्यानं येऊ शकतं. ओळ पूर्ण झाल्याशिवाय आकडा घेऊ नका. काटा हलत असताना घेतलेलं वजनही धरू नका. बरेच इंडिकेटर स्थिर-अस्थिर अशी खूण पाठवतात, ती वाचा.

पायथॉनमध्ये पायसीरियल (सीरियल पोर्ट वाचणारी लायब्ररी) घेतलं तरी हे सगळं करावं लागतंच. फरक असा की तिथं सोपं असल्याचा भास होत नाही. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत लावला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो कोडमध्ये ठोकू नका, सेटिंगमध्ये ठेवा. काटा घरी आणता येत नाही, तेव्हा आकडे पाठवणारा छोटा नकली काटा लिहून घ्या. या पायरीचा धडा निवडीसाठी मोलाचा आहे: यंत्रं जोडायची असतील, तर डिझायनरनं वाचवलेला वेळ एकूण कामात फार थोडा ठरतो. पायरी ३ मधले दोन आकडे आता पुन्हा बघा.

अंबडच्या कारखान्यात हाच प्रश्न

पीएलसीवाल्यांना (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना) ही ओढाताण जुनी आहे. आयईसी ६११३१-३ या मानकात शिडीसारखं चित्र असलेलं लॅडर डायग्रामही आहे आणि पास्कलसारखं लिहायचं स्ट्रक्चर्ड टेक्स्टही. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये गणित नीट लिहिता येतं. पण रात्रपाळीला लाइन थांबली की तिथं जो इलेक्ट्रिशियन उभा असतो, त्याला लॅडर वाचता येतं. शिडीची कुठली पायरी पेटलेली नाही हे त्याला स्क्रीनवर दिसतं आणि तो सेन्सरपाशी जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी इंटरलॉक (अटी पुऱ्या झाल्याशिवाय यंत्र सुरू होऊ न देणारे नियम) लॅडरमध्ये आणि आकडेमोड स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये ठेवतात. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. चित्र आणि मजकूर दोन्ही ठेवले, आणि प्रत्येक भाग त्याला वाचणाऱ्याच्या सोयीनं लिहिला.

तुमच्या प्रोग्रामलाही हेच विचारा: तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर तो कोण उघडणार?

परवाने, थोडक्यात

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्याला आणि एकट्या व्यावसायिकाला मोफत आहे, धंद्याच्या कामालाही. छोट्या कंपनीत एका वेळी पाच जणांपर्यंत चालते. मोठ्या कंपनीसाठी अटी वेगळ्या. लाझारस, नेटबीन्स मोफत. क्यूटचे परवाने मुक्त आणि व्यावसायिक असे दोन्ही आहेत, विकायचं सॉफ्टवेअर करणार असाल तर ते आधी वाचा.

कोणी काय घ्यावं

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि बटण दाबल्यावर काहीतरी घडतं याचा आनंद अजून घेतला नसेल, तर डिझायनरपासूनच सुरुवात करा. विंडोज फॉर्म्स किंवा लाझारस घ्या, एक पूर्ण काम संपवा. मात्र त्याच महिन्यात पायरी ५ करा. नोकरीसाठी तयारी करत असाल तर व्हीएस कोड, गिट आणि एखादी वेब चौकट यांना वेळ द्या. चमूत काम म्हणजे एकमेकांचे बदल वाचणं, आणि ते मजकुरातच होतं.

पेढीसाठी, छोट्या दवाखान्यासाठी किंवा स्टोअरसाठी, एकाच विंडोज संगणकावर चालणारं काम एकट्यानं करणार असाल, तर विंडोज फॉर्म्स घ्यायला अजिबात संकोच करू नका. जुनाट म्हणून कोणी नाक मुरडलं तरी चालेल. दोनपेक्षा जास्त संगणक, मोबाईलवरही बघायचं, नियम सारखे बदलणार असं असेल तर ब्राउझरवर चालणारं, कोडमधून लिहिलेलं घ्या.

दिंडोरी-निफाडकडं द्राक्षबागेत फवारणीच्या नोंदी ठेवणारं ॲप डोक्यात असेल, तर दोन टप्पे करा. कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस उरले, एवढा नमुना ॲप इन्व्हेंटरमध्ये एका शनिवार-रविवारी उभा करा आणि बागायतदाराच्या हातात द्या. कोणता रकाना तो भरतच नाही हे कळलं, की तो नमुना बाजूला ठेवून खरं ॲप फ्लटर किंवा कंपोजमध्ये नव्यानं लिहा. बागेत नेटवर्क जातं, नोंदी फोनवर साठून नंतर वर गेल्या पाहिजेत, आणि या जुळवणीचं काम ॲप इन्व्हेंटरच्या ठोकळ्यांनी नेटकं होत नाही.

दोन्ही वापरायचं असेल तर

माझा कल स्पष्ट सांगतो: खळ्याच्या हिशोबपट्टीला मी डिझायनर वापरीन, पण त्याला हिशोबाला हात लावू देणार नाही. प्रकल्पात तीन फोल्डर करा. एकात फक्त हिशोब आणि त्याच्या चाचण्या, ज्यात स्क्रीनचा उल्लेखही नाही. दुसऱ्यात काटा आणि प्रिंटर. तिसऱ्यात फॉर्म. बटणाच्या क्लिकमध्ये ओळी फार नसाव्यात: रकान्यांतले आकडे उचला, हिशोबाला द्या, आलेलं उत्तर दाखवा. यापेक्षा जास्त लिहावंसं वाटलं की समजा, ते दुसऱ्या फोल्डरचं काम आहे. उद्या व्यापाऱ्यानं मोबाईलवर पट्टी मागितली तर फक्त तिसरा फोल्डर नव्यानं लिहावा लागेल.

पट्टी साठवताना प्रत्येक वजन झाल्या झाल्या एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाईलमध्ये बसणाऱ्या डेटाबेसमध्ये) लिहा, ‘छापा’ बटणाची वाट बघू नका. भरलेल्या गाडीचं वजन झालं आणि रिकाम्या गाडीच्या आधी वीज गेली, तर तो आकडा परत मिळवता येत नाही. माल तोवर खाली झालेला असतो.

शेवटी दोन्ही नमुने लॅपटॉपवर घेऊन खळ्यावर जा, लिलावाच्या दिवशी, दुपारच्या गर्दीत. मुनीमजींना काही शिकवू नका. एकेक ट्रॅक्टर दोन्हींत नोंदवायला सांगा आणि मागं उभं राहून बघा: हात कुठं थांबतो, माऊस कधी शोधावा लागतो, पट्टीवर शेतकरी बोट कुठं ठेवतो आणि काय विचारतो. ते सगळं त्याच घडीच्या कागदावर टिपा. मग एक नियम बदलून द्या, म्हणजे तोलाई दुसऱ्या पद्धतीनं धरा, आणि हा बदल दोन्ही नमुन्यांत तिथंच, बाकावर बसून करा. ज्यात तो लवकर झाला आणि चाचण्या हिरव्या राहिल्या, म्हणजे पास झाल्या, तो नमुना पुढं न्या.